बाळाचा स्वेटर विणायला घेण्यापूर्वी

परभणीची थंडी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा 10 अंशांच्याही खाली उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी बाळाच्या मानेला घाम येतो. म्हणून बाळंतविड्यासाठी लोकर घ्यायला येणाऱ्या ग्राहकांना आम्ही डोक्यातून घालायच्या स्वेटरऐवजी पुढून उघडणारा, बटणांचा स्वेटर सुचवतो; बाळाची झोप न मोडता तो अंगातून काढता येतो.

जन्मावेळी बाळाची छाती साधारण 33 सेंटीमीटर भरते, सहा महिन्यांत ती 43 च्या आसपास जाते. त्यामुळे सहा महिन्यांचे माप धरावे आणि अंगात सैल बसावा म्हणून घेर 48 सेंटीमीटर ठेवावा. फोर प्लाय लोकर आणि 10 नंबरच्या, म्हणजे 3.25 मिलिमीटरच्या सुया घेतल्यास 10 सेंटीमीटरमध्ये सुमारे 28 टाके बसतात. त्या हिशेबाने पाठीचे 68 आणि दोन्ही पुढच्या भागांचे 34-34 असे एकूण 136 टाके होतात. ते मुंढ्यापर्यंत एकत्रच विणावेत, म्हणजे बाळाच्या कुशीला शिवण टोचत नाही. बटणपट्टीचे टाके वेगळे धरावेत.

मात्र त्याआधी 36 टाक्यांचा चौकोनी नमुना अवश्य विणावा, कडेचे टाके सोडून मधले 10 सेंटीमीटर पट्टीने मोजावेत. हात घट्ट असेल आणि तिथे 28 ऐवजी 30 टाके भरले, तर तेवढ्याच 136 टाक्यांचा घेर 45 सेंटीमीटरवर येतो आणि सैलपणातले तीन सेंटीमीटर निघून जातात. अशा वेळी 9 नंबरची सुई घेऊन पाहावी. नंबर कमी तशी सुई जाड, हे नवशिक्यांनी ध्यानात ठेवावे. नमुन्याचा अर्धा तास अनेकांना जड वाटतो, पण पूर्ण झालेला स्वेटर उसवताना होणारे दुःख आम्ही काउंटरवर पाहिले आहे.

लोकर 120 ते 150 ग्रॅम लागते. सर्व गुंडे एकाच लॉट नंबरचे, एकाच वेळी घ्यावेत. नंतर आणलेल्या गुंड्याची छटा बाहीवर वेगळी दिसते. जाळीची वीण दिसायला सुरेख असली तरी तिच्यात बाळाची बोटे अडकतात, म्हणून सुलट-उलट टाक्यांची भरीव वीणच बरी. बटणे चपटी घ्यावीत, दुहेरी दोऱ्याने पक्की शिवावीत आणि प्रत्येक धुण्यानंतर ओढून तपासावीत, कारण सैल झालेले बटण बाळाच्या तोंडात जाऊ शकते.

‘बेबी वूल’ म्हणून मिळणारी बहुतेक लोकर ॲक्रिलिकची असते. ती मऊ असते आणि धुवायला सोपी, पण गरम इस्त्रीने तिचा ताणच निघून जातो आणि विस्तवाजवळ ती वितळते. त्यामुळे न्हाणे झाल्यावर शेक-धुरी देत असल्यास शेगडी पूर्णपणे बाजूला नेल्यानंतरच बाळाच्या अंगात स्वेटर घालावा, ही आमची कळकळीची विनंती.