पेशीचक्र

पेशीचक्र : एका विभाजनातून जन्मलेली पेशी वाढते, आपल्या डीएनएची प्रत तयार करते आणि पुन्हा दोन पेशींत विभागली जाते, या क्रमबद्ध प्रक्रियेस पेशीचक्र म्हणतात. केंद्रक असलेल्या पेशींत त्याच्या जी-१ (वाढ), एस (डीएनए दुप्पट होणे), जी-२ (पूर्वतयारी) आणि एम (विभाजन) अशा चार अवस्था मानतात. प्रयोगशाळेत वेगाने वाढणाऱ्या मानवी पेशीची एक फेरी सुमारे २४ तासांत पूर्ण होते आणि त्यांतला जेमतेम एक तास विभाजनाला लागतो. कांद्याच्या मुळाचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना बहुतेक पेशी स्वस्थ बसल्यासारख्या दिसतात त्या यामुळेच. वास्तविक त्यांचे सर्वांत मोठे काम त्याच वेळी चाललेले असते.

पुरेशी वाढ होण्याआधी पेशी सहसा विभागली जात नाही. १९७० च्या दशकात एडिंबरो येथे जीवशास्त्रज्ञ पॉल नर्स यांना यीस्ट या एकपेशीय बुरशीच्या अशा उत्परिवर्तित (एका जनुकात बदल झालेल्या) पेशी आढळल्या, ज्या नेहमीच्या जवळजवळ निम्म्या आकाराच्या असतानाच विभागल्या जात. ‘चिमुकले’ या अर्थाच्या स्कॉटिश शब्दावरून त्या जनुकाला ‘वी’ हे नाव मिळाले. त्या जनुकापासून बनणारे प्रथिन विभाजन घडवणाऱ्या सीडीके या विकराला (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाला) रोखून धरते. रोखणारे प्रथिनच निकामी झाले की पेशी घाई करते. हा विकर एकटा निष्क्रिय असतो, त्याला सायक्लिन या प्रथिनाची जोड लागते. १९८२ मध्ये टिम हंट यांना सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या अंड्यांत हे प्रथिन साठत जाऊन प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसे होताना दिसले. चक्र पुढे सरकते ते सायक्लिन तयार होण्याइतकेच ते नष्ट होण्यामुळे, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. १९८७ मध्ये सीडीकेचे मानवी जनुक, ज्याचे स्वतःचे हे जनुक सदोष होते अशा यीस्टमध्ये घातल्यावर ते यीस्ट विभागू लागले. म्हणजे ही यंत्रणा कोट्यवधी वर्षे फारशी न बदलता टिकून आहे. नर्स, हंट आणि लेलँड हार्टवेल यांना या संशोधनासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

चक्रातील तपासणीच्या टप्प्यांची कल्पना हार्टवेल यांची. डीएनएला इजा झाली असल्यास पी-५३ हे प्रथिन पेशीला थांबवते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत त्याचेच जनुक बिघडलेले आढळते. विभाजनाच्या मध्यावस्थेत, म्हणजे गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर रांगेत येतात तेव्हा, एक जरी गुणसूत्र तर्कुतंतूंना (गुणसूत्रे ओढणाऱ्या धाग्यांना) नीट जोडले गेले नसेल, तर गुणसूत्रे दोन बाजूंना जाण्याची पुढची पायरी, पश्चावस्था, सुरू होत नाही. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध तर्कुतंतू बनूच देत नाही, त्यामुळे पेशी याच टप्प्यावर अडकून बहुधा मरते; मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते अनेक दशके वापरले जात आहे.