लेवींचा दशमांश याजकांकडे कसा गेला

लेवी हा प्राचीन इस्राएलातला देवाच्या सेवेसाठी नेमलेला वंश; वेदीवर अर्पणे करणारे याजक (पुरोहित) हे त्यातलेच एक घराणे, बाकीचे लेवी त्यांचे मदतनीस. लेवींना इतर वंशांसारखा सलग प्रांत मिळाला नाही. त्याऐवजी इतरांच्या हद्दीतली ४८ नगरे गायरानांसह आणि उत्पन्नाचा दहावा हिस्सा (दशमांश), अशी तरतूद नियमशास्त्रात, म्हणजे यहुद्यांच्या धर्मग्रंथात आहे. नगरातले घर विकले तरी लेवी ते केव्हाही सोडवून घेऊ शके; गायरान विकताच येत नसे. नगरांची यादी प्रत्यक्षात कितपत उतरली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. यादीतले गेजेर नगर शलमोन राजाच्या काळापर्यंत कनानी, म्हणजे तिथल्या आधीच्या लोकांकडेच होते.

लेवींची खरी पडझड इ. स. पू. ६२२ च्या सुमारास सुरू झाली. यहूदाच्या राजाने गावोगावची उपासनास्थाने बंद करून सगळी उपासना यरुशलेमेत आणली. गावातल्या सेवकांना भाकरीचा वाटा मिळाला, पण वेदीवर चढण्याची मुभा नव्हती. पुढे यहुद्यांना बाबेलला बंदिवासात नेले गेले. तिथून पहिला जथा परतला त्यात याजक ४,२८९ आणि लेवी फक्त ७४ (गायक व द्वारपाल वेगळे मोजले आहेत). पुढच्या जथ्यात आधी एकही लेवी नव्हता. निरोप धाडल्यावर ३८ आले. दुय्यम कामासाठी परतायला कोण उत्सुक असणार?

मूळ नियम असा होता की, शेतकऱ्याने दशमांश लेवीला द्यावा आणि लेवीने त्याचा दहावा भाग याजकाला. पर्शियन अमलात यहुद्यांनी लेखी करार करून हेच पुन्हा मान्य केले. लेवी दशमांश गोळा करताना सोबत एक याजक असावा, एवढी भर घातली. तरी काही वर्षांतच लेवींचे वाटे थकले आणि ते मंदिर सोडून आपापल्या शेतांवर गेले. पर्शियाने नेमलेल्या सुभेदाराने अधिकाऱ्यांना खडसावले, लेवींना परत बोलावले आणि कोठारांवर नवे कारभारी नेमले.

यानंतर केव्हातरी संपूर्ण दशमांशच याजकांकडे वळला. तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात याची दोन कारणे दिली आहेत. एक मत असे की, बंदिवासातून परतले नाहीत म्हणून लेवींना हा दंड झाला. दुसरे असे की, विधीनुसार अशुद्ध असताना याजकांना पवित्र अर्पणे खाता येत नसत, त्या दिवसांत त्यांना खायला काही असावे. पहिले कारण मला अन्यायाचे वाटते. जे थोडे आले, मंदिरात राबले, त्यांचाही घास त्यात गेला.

याचे पडसाद उमटलेच. शेतकऱ्याला ठरावीक वर्षी ‘मी लेवीचा वाटा दिला आहे’ असे देवासमोर म्हणावे लागे. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात हसमोनी या यहुदी राजघराण्यातल्या एका महायाजकाने हे निवेदनच बंद केले. वाटा लेवीला जात नसताना ते खरेपणाने म्हणता येत नव्हते, असे परंपरा सांगते.

इ. स. ६६ च्या रोमविरुद्धच्या उठावाआधीच्या वर्षांत महायाजकांची माणसे खळ्यांवर जाऊन दशमांश बळाने उचलू लागली. विरोध करणाऱ्यांना मार बसे. तेव्हा गरीब याजकही उपाशी मेले, असे त्याच शतकातल्या एका यहुदी इतिहासकाराने नोंदवले आहे.