टुकार चित्रपट-मालिकांची आवड

एखादा चित्रपट किंवा मालिका टुकार आहे हे पुरते ठाऊक असूनही ती पुन्हा पुन्हा, मनापासून बघण्याची प्रवृत्ती. 'गिल्टी प्लेझर' ही संज्ञा याच आवडीसाठी रूढ आहे. बी-ग्रेड भयपट, रबरी राक्षसांचे विज्ञानपट, मारधाडपट, वर्षानुवर्षे चालणाऱ्या कौटुंबिक मालिका आणि भांडणांवर उभे असलेले रिॲलिटी शो हे या आवडीचे नेहमीचे विषय. ही आवड बहुधा लपवली जाते. विचारले तर 'असाच टाइमपास म्हणून लावला होता' हे उत्तर तयार असते, पण तोच माणूस त्या चित्रपटातले संवाद अडखळल्याशिवाय म्हणून दाखवतो.

ही आवड वाईटपणाची आहे, असे वरवर वाटते. ते खरे नाही. वाईट चित्रपट दर वर्षी ढिगाने येतात आणि त्यांतले बहुतेक कोणाच्याही लक्षात राहत नाहीत. पाट्या टाकून केलेल्या कामावर प्रेक्षक कधीच जीव लावत नाही. दशकानुदशके टिकतात ते जीव ओतून केलेले आणि तरीही फसलेले चित्रपट.

उगम

बी-चित्रपट ही मुळात दर्जाची नव्हे, व्यापाराची वर्गवारी होती. १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेतल्या चित्रपटगृहांनी गिऱ्हाईक टिकवण्यासाठी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिला, म्हणजे 'ए' चित्रपट, मोठ्या नटांचा. त्याच्या गल्ल्यातला ठरावीक हिस्सा स्टुडिओला मिळे. दुसरा, 'बी' चित्रपट, ठोक भाड्याने जाई. म्हणजे तो कितीही चालला तरी निर्मात्याच्या हाती तेवढीच रक्कम पडणार होती. त्यामुळे तो स्वस्तात आणि झटपट उरकणे एवढेच महत्त्वाचे ठरले. लांबी साधारण तासाभराची, चित्रीकरण एक-दोन आठवड्यांत. मोनोग्राम, रिपब्लिक, पीआरसी अशा छोट्या कंपन्या यावरच जगत. हॉलिवूडमध्ये त्यांच्या वर्तुळाला 'पॉव्हर्टी रो' म्हणत.

या तंगीतून कधीकधी अस्सल कला निघाली. आरकेओ स्टुडिओत निर्माता व्हॅल ल्यूटन याला चित्रपटाचे नाव आधी मिळे आणि मग त्या नावाला साजेशी गोष्ट त्याने शोधायची असे. 'कॅट पीपल' (१९४२) करताना हिंस्र प्राणी दाखवण्याइतका पैसा नव्हता, म्हणून त्याने आणि दिग्दर्शक जाक तुर्नर याने तो सावलीत ठेवला. एका प्रसंगात रात्रीच्या रस्त्यावर एक बाई भराभर चालते आहे, मागून कोणी येत असल्याची तिला खात्री वाटते. शांतता ताणली जाते आणि अचानक कानाशी गुरगुरल्यासारखा आवाज येतो. ती असते थांब्यावर येऊन थांबलेली बस. त्या ब्रेकच्या आवाजाने दचकलेला प्रेक्षक आजही दचकतो, आणि भयपटांतली ही युक्ती पुढे 'ल्यूटन बस' याच नावाने ओळखली जाऊ लागली. एडगर उल्मरचा 'डीटूर' (१९४५) हा पीआरसीचा चित्रपट १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या यादीत, दाखल झाला.

१९४८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॅरामाउंट खटल्यात स्टुडिओंची चित्रपटगृहांवरची पकड मोडली. पाठोपाठ घरोघरी दूरचित्रवाणी आली. मूळ अर्थाचा बी-चित्रपट संपला आणि ते नाव स्वस्त, भडक चित्रपटांना चिकटले. पुढच्या पिढीतला बिनीचा माणूस म्हणजे निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) या त्याच्या चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण दुसऱ्या चित्रपटाच्या उरलेल्या सेटवर दोन दिवसांत उरकले. कोपोला, स्कॉर्सेसी, जेम्स कॅमेरॉन या पुढे नावाजलेल्या दिग्दर्शकांनी सुरुवातीची धुळाक्षरे त्याच्याच हाताखाली गिरवली. २००९ साली त्याला मानद ऑस्कर मिळाले. त्याचे चित्रपट 'कचरा' म्हणून झटकून टाकणाऱ्यांनी ही यादी एकदा नीट वाचावी.

जीव ओतून फसलेले चित्रपट

या परंपरेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे दिग्दर्शक एड वुडचा 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस'. चित्रीकरण १९५६ मधले. त्याआधीच चित्रपटाचा तारा बेला लुगोसी वारला होता. वुडकडे त्याची काही मिनिटांची मूक दृश्ये तेवढी शिल्लक होती. ती त्याने चित्रपटात गुंफली आणि उरलेल्या भागात आपल्या पत्नीच्या कायरोप्रॅक्टरला (मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्याला) लुगोसीच्या जागी उभे केले. त्या गृहस्थाचा चेहरा लुगोसीशी जराही जुळत नव्हता, म्हणून तो प्रत्येक दृश्यात झग्याने तोंड झाकून वावरतो. स्मशानातली थडगी धक्का लागताच हलतात. एकाच प्रसंगात दिवस असतो, रात्र होते, पुन्हा दिवस उजाडतो. पैसा एका बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींकडून आला होता.

हे सगळे वाचताना हसू येते, बघताना आणखी येते. पण मृत मित्राला पडद्यावर आणखी थोडा वेळ जिवंत ठेवायची वुडची धडपडही त्याच चित्रपटात दिसते. १९७८ साली वुड कफल्लक अवस्थेत मरण पावला. १९८० साली मेडव्हेड बंधूंच्या 'गोल्डन टर्की अवॉर्ड्स' या पुस्तकाने त्याच्या चित्रपटाला आजवरचा सर्वांत वाईट चित्रपट ठरवले आणि त्यातूनच त्याची कीर्ती पसरली. १९९४ साली टिम बर्टनने त्याच्या आयुष्यावर चित्रपट काढला. त्याला दोन ऑस्कर मिळाली, त्यांतले एक लुगोसीची भूमिका करणाऱ्या मार्टिन लँडाऊचे.

'मॅनोस : द हँड्स ऑफ फेट' (१९६६) हा टेक्ससमधल्या एल पासो इथे हॅरोल्ड वॉरेन या खतविक्रेत्याने काढलेला भयपट. कॅमेरा चावीचा, एका दमात ३२ सेकंदच चालणारा. त्यामुळे कोणताही शॉट त्याहून लांब नाही. आवाज नंतर मोजक्या माणसांनी सगळ्या पात्रांसाठी भरला, म्हणून लहान मुलीच्या तोंडून मोठ्या बाईचा आवाज येतो. रात्रीच्या दृश्यांत दिव्यांवर झेपावणारे पतंग सतत मध्ये येतात. निष्णात माणसांच्या चित्रपटात तंत्र दिसत नाही. इथे मात्र उलट्या घातलेल्या सदऱ्यासारखे शिवणीचे सगळे टाके बाहेर दिसतात आणि चित्रपट कसा बनतो हे प्रेक्षकाला फुकटात शिकायला मिळते. या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांत पुढे संकलक, लेखक, दिग्दर्शक झालेले लोक सापडतात, ते यामुळेच असावे.

'ट्रोल २' (१९९०) मध्ये ट्रोल, म्हणजे युरोपी लोककथांतला राक्षस, एकही नाही; आहेत ते गॉब्लिन, म्हणजे दुष्ट बुटके. इटालियन दिग्दर्शक क्लाउदिओ फ्रागासो आणि त्याच्या चमूने अमेरिकेतल्या युटा राज्यात, बहुतांशी हौशी नटांना घेऊन तो चित्रित केला. संहितेतले इंग्रजी अवघडलेले होते. ते असे कोणी बोलत नाही, हे नटांना कळत होते, तरी वाक्ये जशीच्या तशी म्हणायला लावली गेली. त्यातल्या बालनटाने मोठेपणी, २००९ साली, याच चित्रपटावर एक माहितीपट केला. त्यात बापाची भूमिका केलेला दंतवैद्य चाहत्यांच्या गर्दीसमोर आपला गाजलेला संवाद पुन्हा म्हणतो तेव्हा त्याला आणि गर्दीला होणारा आनंद सारखाच निखळ आहे.

दिग्दर्शक-नायक टॉमी वायझोच्या 'द रूम' (२००३) ची कथा याहून वेगळी, कारण इथे पैशाची वानवा नव्हती. खर्च साठ लाख डॉलर झाल्याचे सांगितले जाते. एकाच स्टँडवर फिल्मचा आणि डिजिटल असे दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवून सगळा चित्रपट दोनदा टिपला गेला. एका प्रसंगात नायिकेची आई आपल्याला कर्करोग झाल्याचे सांगते आणि त्याचा उल्लेख पुन्हा कोणीही करत नाही. घराच्या सेटवर चमच्याचे चित्र चौकटीत लावलेले आहे. रात्रीच्या खेळांत ते पडद्यावर दिसले की प्रेक्षक प्लास्टिकचे चमचे उधळतात.

अशा सामूहिक बघण्याला जुना वारसा आहे. न्यूयॉर्कच्या एल्गिन चित्रपटगृहात १९७० च्या अखेरीस 'एल टोपो' मध्यरात्री दाखवला जाऊ लागला. 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' १९७५ साली पडला आणि १९७६ पासून तिथल्याच वेव्हर्ली चित्रपटगृहातल्या मध्यरात्रीच्या खेळांमुळे उठला. एकट्याने बघताना लाज वाटणारी गोष्ट शंभर जणांत उत्सव होते.

हिंदी चित्रपटांतही ही जातकुळी भरभक्कम आहे. रामसे बंधूंनी 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) पासून भयपटांचा घरगुती कारखानाच चालवला. सात भावांनी दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन अशी कामे आपसांत वाटून घेतली होती. 'पुराना मंदिर' (१९८४) तुफान चालला. धुके, पडकी हवेली आणि भुताचा मेकअप यांवर त्यांनी घेतलेली मेहनत आजच्या कितीतरी महागड्या भयपटांपेक्षा जास्त दिसते. कांती शाहचा 'गुंडा' (१९९८) इंटरनेटवर नव्याने उगवला. त्यातले खलनायक स्वतःची ओळख यमक जुळवून करून देतात आणि त्या ओळी पाठ असणे हा चाहत्यांत अभिमानाचा विषय आहे.

मालिकांची गोष्ट

मालिकेवरचा जीव वेगळ्या तऱ्हेने जडतो. चित्रपट दीड-दोन तासांत संपतो. मालिकेची रोज सोबत होते. दोष दिसत असतात, पण त्यांच्याबरोबर राहण्याची सवय लागते. 'डॅलस' (१९७८–१९९१) या अमेरिकी मालिकेत बॉबी हे पात्र मेले. नटाला परत आणायचे ठरल्यावर १९८६ साली तो सरळ न्हाणीघरात अंघोळ करताना दाखवला गेला आणि मधला पूर्ण हंगाम त्याच्या पत्नीला पडलेले स्वप्न ठरला. प्रेक्षक चिडले, पण बघत राहिले. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' (२०००–२००८) मधला मिहिरही प्रेक्षकांच्या आग्रहाखातर मृत्यूतून परतला.

या प्रेमाचा सर्वांत चांगला अभ्यास 'डॅलस'वरच झाला आहे. संशोधिका इएन आंग हिने 'व्हिव्हा' या महिलांच्या डच नियतकालिकात जाहिरात देऊन ही मालिका का आवडते किंवा आवडत नाही ते कळवा, असे आवाहन केले. ४२ पत्रे आली. नावडणाऱ्यांची पत्रे ठाम होती, कारण व्यापारी करमणूक हलकी असते हे तयार मत त्यांच्या पाठीशी होते. आवडणाऱ्यांकडे असे तयार शब्दच नव्हते. कोणी आधी माफी मागून बोलत होते, कोणी आपण थट्टा म्हणून बघतो असे सांगत होते. तरीही गडगंज तेलसम्राटांच्या त्या घरातले हेवेदावे, विश्वासघात आणि एकटेपण त्यांना खरे वाटत होते. आंगने याला भावनिक वास्तववाद म्हटले. तपशील खोटे, भावना खरी. मालिकांना नाके मुरडणाऱ्या बहुतेक टीकेत ही साधी गोष्ट सुटते.

'सीआयडी' (१९९८–२०१८, पुन्हा २०२४ मध्ये सुरू) हे याचे जवळचे उदाहरण. शिवाजी साटम यांच्या एसीपी प्रद्युम्नची बोटे फिरवत संशय व्यक्त करण्याची लकब आणि दार तोडायला दर वेळी दयालाच सांगणे, यांची नक्कल सगळ्यांनी केली. याच मालिकेने २००४ साली १११ मिनिटांचा एक भाग कुठेही कट न घेता सलग चित्रित केला, हे मात्र नक्कल करणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

लाज कुठून येते

लाज चित्रपटात नसते, ती इतरांच्या नजरेत असते. अभिरुची ही वर्गाची खूण म्हणून वापरली जाते, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्दिए याने १९७९ साली सविस्तर मांडले. काय आवडते यावरून माणसाचे शिक्षण आणि पायरी ताडली जाते, म्हणून काही आवडी दिवाणखान्यात सांगायच्या असतात आणि काही नसतात. अमेरिकी लेखिका सुझन सॉन्टॅगने १९६४ च्या 'कॅम्प', म्हणजे अतिरेकी, भडक शैलीची आवड, या विषयावरील निबंधात फसलेल्या गांभीर्यातल्या सौंदर्याला शब्द दिले. तिच्या मते अस्सल कॅम्प भोळाच असतो, ठरवून केलेला तितका समाधान देत नाही. १९९५ साली चित्रपट-अभ्यासक जेफ्री स्कॉन्स याने अशा चित्रपटांसाठी 'पॅरासिनेमा' ही संज्ञा आणली.

असे चित्रपट बघणाऱ्याला अक्कल कमी, हा समजही टिकत नाही. फ्रँकफर्टच्या माक्स प्लांक अनुभवजन्य सौंदर्यशास्त्र संस्थेतल्या केयव्हान सारखोश आणि विनफ्रीड मेनिंगहाउस यांच्या २०१६ मधल्या अभ्यासात टुकार चित्रपटांचे चाहते सरासरीपेक्षा अधिक शिकलेले आणि कलात्मक चित्रपटांपासून भडक चित्रपटांपर्यंत सगळे चवीने बघणारे निघाले. 'डोके बाजूला ठेवून बघायचा पिक्चर' असे म्हणतात खरे, पण हे लोक डोके शाबूत ठेवूनच बघतात.

हे प्रेम लक्षात आल्यावर उद्योगाने ठरवून टुकार चित्रपट काढायला घेतले. 'शार्कनेडो' (२०१३) गाजला, त्याचे पाच पुढचे भाग आले. पण आधीच डोळा मारून सांगितलेल्या गमतीत प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही.

हसणे आणि जपणे

१९८८ साली मिनियापोलिसच्या एका स्थानिक वाहिनीवर 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' सुरू झाले. एक माणूस आणि दोन यंत्रमानव बाहुल्या जुने टुकार चित्रपट बघत पडद्यासमोर शेरे मारत. 'मॅनोस' सारख्या चित्रपटांना विस्मरणातून त्यांनीच बाहेर काढले. मात्र हसताना एक भेद सांभाळावा लागतो. राक्षसाच्या पाठीवरची झिप दिसली म्हणून हसणे आणि त्या पोशाखात घामाघूम होऊन उभ्या राहिलेल्या नटाला हिणवणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. जुन्या बी-चित्रपटांतले वंशभेदी चित्रण किंवा बायकांच्या अंगावर रेंगाळणारा कॅमेरा हे तर गमतीचे मानूच नये. ते दोष म्हणूनच सांगावेत.

स्वस्त चित्रपट जपायला कोणी पुढे येत नाही, म्हणून त्यांच्या प्रती लवकर नष्ट होतात. कंपनी बुडते, निगेटिव्ह गहाळ होते, हक्क कोणाचे तेही कळेनासे होते. 'मॅनोस'ची १६ मिमी कार्यप्रत (संकलनासाठी वापरलेली प्रत) २०११ साली एका तरुण छायालेखकाच्या हाती लागली. त्याने लोकवर्गणी काढून एकेक फ्रेम साफ करून घेतली आणि २०१५ साली चित्रपट ब्लू-रेवर आला. अनेक वर्षांच्या गढूळ प्रतींत न दिसलेले रंग त्यात पहिल्यांदा दिसले. दिव्यांभोवतीचे पतंगही आता अधिक स्पष्ट दिसतात.