साधनांच्या सूचीची निगा

जुन्या फायलींनी भरलेली हार्ड डिस्क एखाद्या अभिलेखागारात आली, की या फायली नेमक्या कोणत्या प्रकारच्या आहेत, हे आधी ठरवावे लागते. नावापुढचे एक्स्टेन्शन फसवे असू शकते, म्हणून फाइल आतून तपासतात. पीडीएफ फाइल टक्क्याच्या चिन्हाने आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या ‘पीडीएफ’ या तीन अक्षरांनी सुरू होते. जेपीईजी चित्राचेही पहिले बाइट ठरलेले असतात. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘ड्रॉइड’ हे मोफत साधन अशा खुणा त्याच संस्थेच्या ‘प्रोनॉम’ या फाइल-प्रकारांच्या कोशाशी ताडून पाहते. फाइल आपल्या प्रकाराच्या नियमांत बसते का, हे ‘जोव्ह’ नावाचे दुसरे साधन तपासते, आणि वर्षभराने तीच फाइल जशीच्या तशी आहे का, हे चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, काढणारी साधने सांगतात.

अशी साधने शेकडो आहेत. त्यांपैकी कोणते आपल्या कामाचे, हे कळावे म्हणून अनेक संस्थांनी आपापल्या याद्या केल्या. पण एकच माहिती चार ठिकाणी लिहिली जाई आणि चारही ठिकाणी ती शिळी होई. त्यावर उपाय म्हणून 2013 मध्ये अशा वेगवेगळ्या याद्या एकत्र करून ‘कॉप्टर’ ही सामाईक नोंदसूची सुरू झाली. ती मीडियाविकी या, मराठी विकिपीडिया ज्यावर चालतो त्याच सॉफ्टवेअरवर उभी आहे, त्यामुळे नोंद सुधारण्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही. हा साधेपणा मला मोलाचा वाटतो. कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररीने 2012 मध्ये खुली केलेली फाइल-प्रकारांची सामाईक नोंदणी तांत्रिकदृष्ट्या कितीतरी महत्त्वाकांक्षी होती, तरी काही वर्षांतच ती बंद झाली.

कॉप्टरमधील नोंदीत साधनाचा उद्देश, परवाना, ते कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालते, अशी ठरावीक माहिती असते. ती एकदा भरली की संपले, असे मात्र होत नाही. संकेतस्थळाचा पत्ता बदलतो, विद्यापीठातील प्रकल्पाचा निधी आटतो, प्रोग्रामर दुसऱ्या नोकरीत जातो आणि दुवा कुठेच जात नाही. यातला काही भाग यंत्रावर सोपवता येतो: साधनाचा कोड गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर असेल, तर नव्या आवृत्त्यांची आणि ताज्या बदलांची यादी नोंदीत आपोआप दाखवता येते, म्हणजे साधन जिवंत आहे की नाही, हे वाचकाला एका नजरेत समजते.

यंत्राला लिहिता येत नाही तो रकाना वापरकर्त्यांच्या अनुभवांचा. निर्मात्याचे वर्णन साधनाला काय येते ते सांगते. ते कुठे अडते, हे ते वापरून थकलेल्या माणसालाच ठाऊक असते. आपल्याकडचेच पाहा. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची सामाईक अक्षर-संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी किंवा योगेश फाँटमध्ये टाइप केलेली मराठी कागदपत्रे ओळख-साधनाच्या लेखी निव्वळ वर्ड फायली असतात. ओळख अचूकच असते, पण तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा गिचमिडाट दिसतो. तो युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक जोडाक्षरांत किंवा ऱ्हस्व इकारात कुठे चुकतात, हे ज्याने शेकडो पाने तपासली त्याने दोन ओळींत लिहिले, तर पुढच्याचे आठवडे वाचतील. पण ज्याच्याकडे हा अनुभव असतो, त्याच्याकडे बहुधा वेळ नसतो, आणि नोंद लिहिणे कुणाच्याच नेमून दिलेल्या कामात बसत नाही. माझ्या मते संस्थांनी ते बसवावे. नवे साधन वापरून पाहिल्याचा अहवाल कार्यालयात लिहिला जातोच, त्यातला परिच्छेद सूचीत टाकायला फार वेळ लागणार नाही.

बंद पडलेल्या साधनांच्या नोंदी काढून टाकण्याचा मोहही आवरायला हवा, कारण त्या साधनांनी दहा वर्षांपूर्वी काढलेले तपासणी-अहवाल संग्रहांत आजही असतात आणि ते वाचणाऱ्याला साधनाची माहिती लागतेच. ‘आता वापरू नये’ एवढा शेरा पुरे.

राहतो प्रश्न सर्व्हरचा, म्हणजे भाड्याचा, सुरक्षा-अद्यतनांचा आणि जाहिरातबाजांचा खोटा मजकूर हटवण्याचा. हे काम हौसेवर सोडून चालत नाही; त्याला संस्थाच लागते. मीडियाविकीतील सगळा मजकूर जुन्या आवृत्त्यांसह एक्सएमएल फायलीत काढता येतो, त्यामुळे एका संस्थेने हात आखडला तर दुसरीला तो मजकूर उचलून पुढे चालवता येतो, मात्र ती प्रत कुणीतरी वेळेवर काढून ठेवलेली असली पाहिजे.