टँगोच्या शैली आणि नाचायला मिळालेली जागा

टँगो शिकायला येणारा माणूस बहुतेक वेळा रंगमंचावर पाहिलेले चित्र डोक्यात घेऊन येतो: हवेत उडणारे पाय, मानेचा झटका, दातांत गुलाब. वर्गात मात्र पहिले काही आठवडे त्याला नुसते चालायला लावतात आणि त्याचा हिरमोड होतो. चालण्यावर एवढा भर का, दोघांनी इतके जवळ का उभे राहायचे, एकाच नाचाच्या चार-पाच शैली कुठून आल्या, या प्रश्नांची उत्तरे शोधत मागे गेले की बरेचदा एकाच गोष्टीपाशी येऊन थांबावे लागते: नाचायला जागा किती होती?

रिओ दे ला प्लाता या रुंद नदीमुखाच्या एका काठावर अर्जेंटिनाचे ब्युनॉस आयर्स, दुसऱ्या काठावर उरुग्वेचे मॉन्टेव्हिडिओ. 1869 च्या जनगणनेत ब्युनॉस आयर्सची वस्ती दोन लाखांच्या आत होती. 1914 मध्ये ती पंधरा लाखांच्या पुढे गेली आणि त्यातली जवळजवळ निम्मी माणसे परदेशात जन्मलेली होती, मुख्यतः इटली आणि स्पेनमध्ये. त्यांचा मुक्काम ‘कॉन्व्हेंतियो’त: मधे चौक, भोवती एकेका खोलीत एकेक कुटुंब, नळ आणि संडास सामाईक. आपल्याकडची चाळ डोळ्यांसमोर आणली तर फार चुकणार नाही. टँगो फक्त कुंटणखान्यांत जन्मला असे सर्रास सांगितले जाते. तो तिथे वाजला, नाचला गेला हे खरे. पण या चौकांना, वस्तीतल्या कॅफेंना आणि नाचघरांना वगळून त्याची गोष्ट पुरी होत नाही.

यात आफ्रिकन वंशाच्या लोकांचा वाटा पुष्कळ काळ झाकून ठेवला गेला. गुलामीतून आलेल्या या समाजाचा ‘कांदोंबे’ हा ढोलांचा नाच दोन्ही शहरांत होता. 1883 मध्ये वेंतुरा लिंच यांनी नोंदवून ठेवले आहे, की शहराच्या कडेला राहणारे ‘कोम्पाद्रितो’ म्हणवणारे रुबाबी तरुण काळ्या लोकांच्या नाचाची नक्कल म्हणून ‘मिलोंगा’ नाचत. टिंगल करता करता त्या हालचाली त्यांच्याच अंगात मुरल्या. मधेच थबकणे म्हणजे ‘कोर्ते’, कमरेतून मोडणे म्हणजे ‘केब्रादा’ हे तेव्हाचे खास अलंकार. 1897 चा ‘एल एन्त्रेर्रिआनो’ हा सुरुवातीच्या गाजलेल्या टँगोंपैकी एक. त्याचा रचनाकार रोसेंदो मेंदिसाबाल हा आफ्रिकन वंशाचा पियानोवादक होता.

ठेका आला क्युबाच्या हाबानेरातून. आठ मात्रा मोजा आणि पहिली, चौथी, पाचवी, सातवी यांवर टाळी द्या. 3, 1, 2, 2 अशी विभागणी कानात बसेल. मिलोंगा हा वेगळा, चपळ प्रकार आजही याच ठेक्यावर नाचला जातो. टँगोने पुढे हा ठेका मागे टाकून सरळ चालीचा ठोका धरला, आणि त्या बदलात एका जर्मन वाद्याचाही हात होता.

सुरुवातीला बासरी, व्हायोलिन आणि गिटार अशी तिघांची हलकीफुलकी साथ असे. विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्यात बँडोनियन शिरला. हे भात्याचे वाद्य जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हाइनरिख बांड यांच्या नावाने ओळखले जाते. टँगोत रुळलेल्या नमुन्याला 71 बटणे असतात: उजव्या हाताला 38, डाव्या हाताला 33. भाता उघडताना एक स्वर आणि मिटताना त्याच बटणावर दुसरा, म्हणजे वादकाला दोन हातांच्या मिळून चार मांडण्या पाठ कराव्या लागतात. बासरीसारखी उड्या मारणारी सुरावट या वाद्याच्या स्वभावात बसत नाही. त्याला ओढलेला, भरदार सूर शोभतो. लय सावकाश झाली, नाचणाऱ्याला पावलापावलामध्ये थांबायला अवकाश मिळाला. आजच्या टँगोतला तो ताणलेला विराम इथून आला.

1912-13 च्या सुमारास पॅरिसला टँगोचे वेड लागले. जर्मनीच्या कैसरने 1913 मध्ये गणवेशातल्या अधिकाऱ्यांना तो नाचायला बंदी केली. पॅरिसने डोक्यावर घेतल्यावर ब्युनॉस आयर्सच्या उच्चभ्रूंनीही दिवाणखान्याची दारे उघडली. मात्र कमरेचे मोडणे गाळून आणि पाठ ताठ ठेवून. वाकलेले गुडघे आणि जुन्या लकबी ज्या शैलीत टिकल्या तिला आज ‘कान्येंगे’ म्हणतात. इंग्लंडमधल्या शिक्षकांनी 1920 च्या दशकात स्वतःची ठरीव आवृत्ती बांधली. स्पर्धांतला बॉलरूम टँगो तो हाच. मानेचा झटका त्यात 1930 च्या दशकात आला. अर्जेंटिनातल्या नाचाशी त्याचे नाते दूरच्या चुलतभावाचे आहे. एक शिकून दुसरा येत नाही, म्हणून प्रवेश घेण्याआधी वर्गात नेमका कोणता शिकवतात ते विचारावे.

नाच म्हणून टँगोची खरी भरभराट झाली 1935 ते 1955 या काळात. हुआन दारिएन्सो यांच्या वाद्यवृंदाने 1935 मध्ये ठसठशीत ठोका परत आणला आणि तरुण पुन्हा फरशीवर उतरले. कार्लोस दी सार्ली, आनीबाल त्रोइलो, ओस्वाल्दो पुग्लिएसे यांच्या वाद्यवृंदांची ध्वनिमुद्रणे आजही दर रात्री वाजतात. याच काळात शैली फुटल्या, आणि त्या जागेप्रमाणे फुटल्या. शहराच्या मध्यभागातल्या नाचघरांत मुंगी शिरायला जागा नसे. तिथे छातीला छाती टेकवून, एकमेकांवर किंचित कलून, वीतभर पावलांत नाचायची सवय लागली. 1990 च्या दशकात तिला ‘मिलोंगेरो’ हे नाव पडले. उत्तरेकडच्या विया उर्किसा भागातल्या क्लबांत फरशी ऐसपैस. तिथल्या संडरलँड क्लबात मिलोंगा (नाव नाचाचेच, पण इथे अर्थ नाचाची बैठक) भरते ती बास्केटबॉलच्या कोर्टावर. साहजिकच तिथला ‘सालोन’ लांब, घरंगळत्या पावलांचा आहे, आणि वळताना मिठी थोडी सैल होते.

शिकण्याची रीतही त्या काळाची होती. पुरुष पुरुषांबरोबर ‘प्राक्तिका’त सराव करत. नवा मुलगा आधी फॉलोअर व्हायचा, पुष्कळ दिवसांनी लीडर. नेले जाणे म्हणजे काय हे शरीराला कळल्यावरच त्याला न्यायला मिळे. 1955 मध्ये अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष पेरॉन यांची सत्ता उलथवली गेली, रॉक अँड रोल आला, मोठे वाद्यवृंद पोसणे परवडेना आणि ही साखळी तुटली. मधली जवळजवळ एक पिढी टँगोविना वाढली. 1983 मध्ये ‘टँगो आर्जेंटिनो’ हा कार्यक्रम पॅरिसमध्ये आणि 1985 मध्ये ब्रॉडवेवर गाजला, तेव्हा जगभरातून शिकणारे आले. त्यांच्या हाताशी वर्षे नव्हती, आठवडे होते.

म्हणून वर्गांत आठ पावलांची ‘बेसिक’ रूढ झाली. लीडर उजवा पाय मागे टाकतो, डावा बाजूला, मग उजवा आणि डावा पुढे. पाचव्याला तो पाय जुळवतो आणि फॉलोअरचा डावा पाय उजव्यापुढे आडवा येतो, ती ‘क्रुसादा’. सहाव्याला पुढे, सातव्याला बाजूला, आठव्याला जुळवणी. वर्गात हे सोयीचे. पण मिलोंगात सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात, आणि पहिलेच पाऊल मागे टाकले की मागच्या जोडप्याला धक्का बसतो. शिवाय फॉलोअर पाचवे पाऊल आपणहून आडवे टाकू लागते आणि एकदा लागलेली ही सवय सुटता सुटत नाही. आमच्या मते बेसिक नकाशा म्हणून एकदा पाहावी आणि बाजूला ठेवावी.

त्याऐवजी वजन शिका. कोणत्याही क्षणी सगळा भार एकाच पायावर हवा; दुसरा पाय कमरेपासून मोकळा लोंबता. लीडरची छाती आधी निघते, पाय नंतर. पाय आधी निघाला की समोरच्याचा अंगठा चेंगरलाच म्हणून समजा. फॉलोअरने भार दोन्ही पायांत वाटून ठेवला की लीडरला कोणता पाय मोकळा ते कळत नाही, मग तो हातांनी ढकलू लागतो आणि दोघांचे खांदे आखडतात. ‘ओचो’ म्हणजे पायाने काढलेला इंग्रजी आठचा आकडा: आधी धड वळते, कंबर मागाहून, चवड्यावर गिरकी घेत. धड न वळवता गिरकी घेतली की तोल जातो. रबरी तळव्याचे बूट घातले तर पाऊल फरशीला चिकटते आणि पिळा गुडघ्यावर येतो, म्हणून तळवा चामड्याचा किंवा स्वेडचा घ्यावा.

1990 च्या दशकात गुस्ताव्हो नाव्हेरा आणि फाबियान सालास यांनी हालचाली सुट्या करून पाहिल्या: पुढचे, मागचे, बाजूचे पाऊल आणि गिरकी. मिठी उघडली, तोल मुद्दाम जोडीबाहेर नेणाऱ्या ‘कोल्गादा’सारख्या आकृत्या रुजल्या. ‘नुएव्हो’ म्हणतात तो हा. त्याला मोकळी फरशी लागते. गर्दीत वापरला तर शेजाऱ्याच्या नडगीला टाच बसते.

2009 मध्ये युनेस्कोने अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोघांच्या नावे टँगोला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. ब्युनॉस आयर्समध्ये 2003 पासून भरणाऱ्या जागतिक स्पर्धेत दोन विभाग आहेत. रंगमंच विभागात प्रत्येक जोडपे एकटेच उतरते, नाच आधी बसवलेला असतो आणि उड्यांना मुभा असते. फरशीच्या विभागात अनेक जोडपी एकदम उतरतात, बसवलेला नाच चालत नाही, आणि गाणे वाजत असेपर्यंत मिठी सोडायची नाही.