गाडीभाडे, टीडीएस आणि पंधरा-जे

कंत्राटदाराच्या बिलातून पैसे देतानाच आयकर कापायचे, म्हणजे टीडीएसचे, कलम १९४सी हे १९७२ चे. त्यात मालवाहतुकीचा उल्लेख नव्हता आणि वीसेक वर्षे गाडीभाड्याला कुणी हात लावला नाही. १९९३ मध्ये एका सिमेंट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘काम’ या शब्दाची व्याप्ती वाढवली. त्या आधारावर पुढच्याच वर्षी परिपत्रक काढून वाहतूकही त्यात ओढली गेली. मुंबईतले मालवाहतूकदार कोर्टात गेले आणि जिंकले. तेव्हा सरकारने कायदाच बदलला. १ जुलै १९९५ पासून रेल्वे वगळता कोणत्याही साधनाने केलेली वाहतूक टीडीएसच्या कक्षेत आली.

खरा त्रास सुरू झाला तो २००४-०५ मध्ये. टीडीएस कापला नाही तर तो खर्चच अमान्य करायचा, अशी तरतूद आली. हुंडेकऱ्याच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या गाड्या लावून माल पाठवणाऱ्या मध्यस्थाच्या, धंद्यात याचा अर्थ फार भयंकर होता. समजा, पार्टीकडून २७ हजार घेतले आणि बाजारातून लावलेल्या गाडीला २५ हजार दिले, तर मधले दोन हजार त्याचे. कर मात्र पूर्ण २७ हजारांवर. अशा वर्षभराच्या गाड्या जोडल्या की पेढी बुडालीच.

छोट्या मालकांसाठी १ जून २००५ पासून सवलत आली. पोटकंत्राटदाराच्या, म्हणजे हुंडेकऱ्याला गाडी देणाऱ्या मालकाच्या, दोनपेक्षा जास्त गाड्या नसतील तर त्याने पंधरा-आय फॉर्मवर तसे लिहून द्यायचे, मग कर कापायचा नाही. हुंडेकऱ्याने असे सगळे तपशील पंधरा-जे फॉर्ममध्ये भरून पुढच्या ३० जूनपर्यंत आयुक्तांकडे द्यायचे. कागदावर हे सोपे दिसते. पण पोच (माल पोचल्याची पावती) घेऊन बॅलन्स (उरलेले भाडे) मागायला येतो ड्रायव्हर, मालक असतो गावी. फॉर्मवर सही मालकाची हवी, आरसी बुक भावाच्या नावावर. तरीही अनेकांनी पंधरा-आयच्या फायली नीट जमवल्या. राहून गेला तो पंधरा-जे.

मग अधिकाऱ्यांनी पंधरा-जे वेळेत दिला नाही म्हणून सगळे भाडेच अमान्य करायला सुरुवात केली. याच मुद्द्यावर वर्षानुवर्षे अपिले चालली. खात्याचे म्हणणे असे की सवलतीला दोन अटी आहेत, एक मोडली की सवलत संपली. २०१२ मध्ये एका उच्च न्यायालयाने हे नाकारले. मालकाने पंधरा-आय दिला त्या क्षणी कर कापण्याची जबाबदारीच उरत नाही. पंधरा-जे हे त्यानंतरचे काम. ते चुकले तर ती वेगळी चूक, पण त्यासाठी खर्च अमान्य करता येणार नाही. हा निकाल मला पूर्णपणे रास्त वाटतो. माहिती कळवण्यातली दिरंगाई आणि करचुकवेगिरी यांना एकच शिक्षा देणे अन्यायाचेच होते.

निकाल लागेपर्यंत कायदा पुढे गेला होता. १ ऑक्टोबर २००९ पासून वाहतूकदाराने पॅन दिला की कर कापायचा नाही, पैसे देणाऱ्याने तपशील कळवायचा, अशी व्यवस्था झाली. आता तो तपशील टीडीएसच्या तिमाही २६क्यू विवरणपत्रात जाऊ लागला. तिथे अशा नोंदीपुढे ‘टी’ ही खूण करायची असे. माहिती कळवली नाही तर सवलत जाते का, हा जुनाच वाद नव्या पोटकलमांवर पुन्हा उभा राहिला. अनेक न्यायाधिकरणांनी सवलतीचे आणि तपशील कळवण्याचे अशी दोन्ही पोटकलमे स्वतंत्र मानली.

२००९ ची ही सवलत शेकडो गाड्यांच्या कंपन्यांनाही मिळत होती. ती छोट्यांसाठीच होती असे सांगत १ जून २०१५ पासून मर्यादा घातली गेली. वर्षात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नसाव्यात आणि पॅनबरोबर तसे लेखी द्यावे. दहाचा आकडा गाड्यांवरून अंदाजे उत्पन्न धरणाऱ्या ४४एई कलमातून, म्हणजे १९९४ च्या तरतुदीतून आलेला. त्याच सुमारास अमान्य करायची रक्कम संपूर्ण खर्चाऐवजी ३० टक्क्यांवर आली. तो मोठा दिलासा होता.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या आयकर कायद्यात टीडीएसच्या या तरतुदी कलम ३९३ मध्ये गेल्या आहेत. दहा गाड्यांची अट तशीच आहे, आणि तिची अडचणही. एप्रिलमध्ये नऊ गाड्यांचे लिहून दिलेल्या मालकाने दिवाळीत आणखी दोन घेतल्या, तर भाडे देणाऱ्या हुंडेकऱ्याला ते कळायला कोणताही मार्ग नाही.