डेमो की प्रयोग? दोघांना आपण एकच नाव देऊन बसलोय

मराठीत एक गंमत आहे, नाटकाचाही प्रयोग होतो आणि विज्ञानाचाही प्रयोगच होतो. नाटकाच्या प्रयोगात शेवट लिहिलेला असतो, संवाद पाठ असतात, कुठे टाळ्या पडणार तेही ठरलेलं असतं, आणि एखाद्या नटाने तिसऱ्या अंकात मनाने काही वेगळंच बोलायला घेतलं तर लोक म्हणणार प्रयोग पडला. आता शाळेतलं प्रॅक्टिकल आठवा. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. आमच्या वर्गात निरीक्षण हे हात लावायच्या आधीच जर्नलमध्ये उतरवलेलं असायचं (माझं तर मागच्या वर्षीच्या एका ताईच्या जर्नलवरून), आणि रीडिंग जुळलं नाही की काय करायचं, तर रीडिंग बदलायचं, एवढं साधं होतं. पेंडुलमचं एक रीडिंग मी खोडरबराने तीन वेळा खोडलेलं मला अजून आठवतंय, कागदाला भोक पडलं होतं. म्हणजे नाव विज्ञानाच्या प्रयोगाचं आणि काम नाटकाच्या प्रयोगाचं.

तर ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक प्रात्यक्षिक, ज्याला आता सगळे डेमो म्हणतात, तोच शब्द वापरतो. दुसरा खराखुरा प्रयोग. वरवर बघितलं तर दोन्ही सेम दिसतात, तेच ग्लास, तीच मेणबत्ती, तोच टेबलावर झालेला पसारा. फरक सामानात नाहीच, फरक इथे आहे की निसर्गाला "नाही" म्हणायची सोय ठेवलीय का नाही. डेमोत उत्तर आपल्याला माहीत असतं आणि ते समोरच्याला दाखवायचं असतं. प्रयोगात उत्तर दोन्हीकडे जाऊ शकतं आणि कुठेही गेलं तरी ते लिहून ठेवायचं असतं.

हे मला कळलं ते मेणबत्तीमुळे, आणि कळलं तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होती.

सगळ्यांना माहीत असलेलाच आयटम आहे. ताटलीत पाणी, मध्ये जळती मेणबत्ती, वरून ग्लास उलटा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात वर चढतं. मी भाच्याला मोठ्या ऐटीत हे करून दाखवलं, पाण्यात शाई टाकली म्हणजे नीट दिसावं, आणि जे मला शिकवलं होतं तेच त्याला शिकवलं, की हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, रिकामी जागा झाली म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, मग तीन मेणबत्त्या लावल्या तर?"

मी म्हटलं काही फरक नाही पडणार, ऑक्सिजन तेवढाच आहे ना ग्लासात. "करून बघू?" म्हणाला. आणि इथून डेमो संपला, फक्त तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

तीन मेणबत्त्यांना पाणी इतकं चढलं की ताटलीतलं संपलंच आणि खालून हवा गुडगुड करत आत शिरली. मग खोलगट भांडं घेतलं, ग्लासला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली, आणि भाच्याने मला सांगितलं की आधी अंदाज लिही, नंतर पलटी मारायची नाही. मी लिहिलं "सारखंच". एक मेणबत्ती लावली तर साधारण दीड बोट, तीन लावल्या तर जवळजवळ तीन बोटं. माझा ऑक्सिजन तिथेच आडवा झाला, कारण ग्लास तोच आणि ऑक्सिजनही तेवढाच असताना दुप्पट पाणी चढायचं काही कारणच नव्हतं.

मग जे आजवर शंभर वेळा डोळ्यासमोर होतं ते पहिल्यांदा दिसलं. एक म्हणजे ग्लास ठेवल्या ठेवल्या काठाखालून बुडबुडे बाहेर येतात, म्हणजे हवा बाहेर जातेय. दुसरं म्हणजे मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढतच नाही, ती विझली की मग सरसर चढतं. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं तर जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं ना. गोष्ट साधी आहे, ज्योतीमुळे हवा तापते, फुगते, थोडी बाहेर पडते, ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला आत ढकलतो. खात्री करायला आम्ही मेणबत्ती काढूनच टाकली, ग्लास हेअर ड्रायरने आतून चांगला गरम केला आणि तसाच पाण्यात उलटा ठेवला. चढलं पाणी, ना ज्योत ना काही, तरी चढलं.

आकडे घालून बघितलं तर अजूनच मजा येते. बाहेरची हवा २७ अंश म्हणजे ३०० केल्विन धरा (अंशात २७३ मिळवले की केल्विन, हवा फुगण्या-आकसण्याचा हिशोब त्यातच करतात), आणि ज्योतीभोवती सरासरी ८७ अंश, म्हणजे ३६० केल्विन. (सरासरी मी मनाने धरलीय, मोजलेली नाही.) तर तीच हवा गार झाली की ३६० ला ३०० ह्या हिशोबाने आकसणार, म्हणजे साधारण १७ टक्के जागा रिकामी. एक पंचमांशाच्या इतकं जवळ, की ऑक्सिजनची गोष्ट आपोआप खरी वाटते! उलट ऑक्सिजनचं खरं बघायला गेलं तर मेणबत्ती सगळा ऑक्सिजन संपवतच नाही, साधारण १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ती विझते. शिवाय जो जळतो त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होऊन पुन्हा वायू म्हणूनच हजर असतो, फक्त उरलेल्याची वाफ होते आणि ती गार होऊन पाणी होते. म्हणजे खरी घट जेमतेम दोन टक्क्यांची, आणि आपण वर्षानुवर्षं सगळं श्रेय तिलाच देतोय.

आता ह्यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की एका मेणबत्तीचा जो आयटम आहे तो डेमो म्हणूनसुद्धा धोकादायक आहे, कारण चुकीचं स्पष्टीकरणही त्यात छान बसतं. डेमोत एकच चित्र दिसतं आणि त्या चित्राला दहा गोष्टी चिकटवता येतात. तीन मेणबत्त्या लावणं म्हणजे त्या दहा गोष्टींपैकी काहींना अडचणीत आणणं.

पण म्हणून डेमो म्हणजे हलकं काम असं अजिबात नाही, हे आधीच सांगतो नाहीतर लोक अंगावर येतात. ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस सोडलं, दोन्ही एकदमच खाली पडली. ह्यातून कुणाला नवीन काही कळलं का, तर नाही, हवा नसली की जड आणि हलकं सारखंच पडतं हे उत्तर सगळ्यांना माहीत होतंच (आणि घरी परत यायचा सगळा हिशोब त्याच नियमांवर बेतलेला होता, तेव्हा उलटं निघालं असतं तर पंचाईतच होती). पण ते फुटेज बघून जो काटा येतो तो दहा पानं वाचून येत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोचा लंबकही तसाच. १८५१ मध्ये पॅरिसच्या पाँथिऑनमध्ये ६७ मीटर तारेला २८ किलोचा गोळा टांगून, त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू वळते ह्यातून, त्याने लोकांना पृथ्वी फिरताना दाखवली. पृथ्वी फिरते ह्याबद्दल तेव्हा शिकलेल्या माणसाला शंका नव्हती, पण एका बंद खोलीत, आकाशाकडे न बघता, ते समोर दिसणं हे वेगळंच. हे अव्वल दर्जाचे डेमो, फक्त त्यांना डेमो म्हणा एवढंच म्हणणं आहे.

आता दुसऱ्या टोकाचं बघा. अमेरिकेत एमिली रोझा नावाची नऊ वर्षांची मुलगी होती. तिथे काही लोक हाताने स्पर्श न करता पेशंटच्या शरीराभोवतीची ऊर्जा जाणवते असं सांगून उपचार करायचे. हिने काय केलं, तर पुठ्ठ्याचा आडपडदा उभा केला, त्याला दोन भोकं, उपचार करणाऱ्याने दोन्ही हात त्यातून पलीकडे घालायचे, आणि हिने नाणं उडवून जे येईल त्याप्रमाणे त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर आपला हात धरायचा, न टेकवता. आता सांगा कुठल्या हातावर आहे. २१ जणांवर मिळून २८० वेळा हे केलं आणि बरोबर उत्तरं आली १२३, म्हणजे ४४ टक्के. डोळे झाकून ठोकून दिलं असतं तरी निम्म्याच्या आसपास यायला हवी होती. १९९८ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं, तेव्हा ती ११ वर्षांची होती.

सामान बघा ना, पुठ्ठा आणि एक नाणं. पण त्या नाण्यात सगळं आलं, कारण हात कुठे धरायचा हे एमिलीने मनाने ठरवलं असतं तर नकळत एखादा पॅटर्न पडला असता आणि समोरच्याने तो पकडला असता. आणि १२३ च्या जागी २५० आले असते तर? तर त्या लोकांचं म्हणणं खरं निघालं असतं आणि तेही तसंच लिहावं लागलं असतं. दोन्ही दारं उघडी होती. म्हणून तो प्रयोग. नाहीतर शाळेच्या प्रदर्शनातल्या ज्वालामुखीमागे दहापट मेहनत आणि रंग असतो, आणि तो डेमोच असतो.

ज्वालामुखीचंही चालेल हो प्रयोग म्हणून, फक्त पुढे जायला हवं. सोडा एक चमचा कायम ठेवा, व्हिनेगर वाढवत न्या, दर वेळी फेस किती वर आला ते मोजा आणि आधी सांगा की कधी थांबेल. एका टप्प्यानंतर व्हिनेगर कितीही ओता, फेस वाढत नाही, कारण सोडा संपलेला असतो. बस, झाला प्रयोग.

"प्रयोग फसला" हे वाक्यही ह्याच गोंधळातून येतं. डेमो फसू शकतो, दिवा लागला नाही, फुगा फुगला नाही, लोकांसमोर पोपट झाला. पण प्रयोगात अपेक्षेपेक्षा वेगळं आलं तर ते फसणं नाही, तेच उत्तर. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले ह्या शास्त्रज्ञांनी प्रकाश ज्यातून प्रवास करतो असं समजलं जायचं त्या ईथरचा वारा पकडायला अत्यंत बारीक यंत्रणा उभी केली, आणि वेगवेगळ्या दिशांना जाणाऱ्या प्रकाशाच्या वेगात अपेक्षित होता तसा फरक दिसलाच नाही. शाळेच्या जर्नलचा नियम लावला असता तर रीडिंग बदलून मोकळे झाले असते. त्यांनी जे आलं ते छापलं, आणि "काहीच सापडलं नाही" ह्या निकालाची चर्चा आज सव्वाशेहून जास्त वर्षं झाली तरी चालूच आहे. (प्रयोगसुद्धा खराब होतो म्हणा, मोजमाप ढिसाळ असेल किंवा एकदम तीन गोष्टी बदलल्या तर, पण ते वेगळं.)

आणि कधी कधी प्रयोगाचं उत्तर लवकर येतच नाही, डेमोवाल्या मनाला हे फार जड जातं. १९६३ मध्ये टांझानियात एरास्टो म्पेम्बा नावाच्या शाळकरी मुलाने आइस्क्रीमचं दूध गार व्हायची वाट न बघता गरमच फ्रीझरमध्ये ठेवलं आणि ते इतरांच्या आधी गोठलं. लोक हसले त्याला. त्याने तेच पुढे डेनिस ऑस्बोर्न ह्या प्राध्यापकांना विचारलं, त्यांनी हसण्याऐवजी करून बघितलं, आणि १९६९ मध्ये दोघांच्या नावाने पेपर आला. इथे गोष्ट संपायला हवी होती ना, गरीब मुलगा बरोबर, सगळे चूक, पडदा. पण २०१६ मध्ये बरिज आणि लिंडन ह्या संशोधकांनी काळजीपूर्वक मोजून सांगितलं की आम्हाला तर हा परिणाम दिसत नाही, आणि थर्मामीटर नुसता सेंटीमीटरभर वरखाली झाला तरी तो दिसल्याचा भास होऊ शकतो. तरी वाद मिटलेला नाहीच. मला स्वतःला म्पेम्बाचं सगळ्यात जास्त कौतुक ह्याचं वाटतं की त्याचा प्रश्न अजून जिवंत आहे.

आमच्या घरी आता काचेची मोठी बरणी आलीय. एक बुटकी मेणबत्ती आणि एक उंच, दोन्ही पेटवून वरून बरणी उलटी ठेवायची, आधी कुठली विझेल? मी लिहिलं बुटकी, कारण कार्बन डायऑक्साइड जड, खाली बसणार. भाच्याने लिहिलं उंच, कारण ज्योतीतून निघालेलं सगळं गरम असतं आणि गरम ते आधी वर जाणार. पहिल्यांदा उंच विझली, दुसऱ्यांदाही उंच. तिसऱ्यांदा दोन्ही इतक्या पाठोपाठ गेल्या की आमचं एकमत होईना, तो म्हणतो उंचच आधी गेली, मी म्हणतो मला तसं दिसलं नाही, आणि त्याने वहीत त्या रकान्यात सरळ प्रश्नचिन्ह टाकलंय. आता त्याला दहा वेळा करायचंय, आणि घरातल्या मेणबत्त्या संपल्यात.